पहिलाच स्टार्टर

“हा पहिलाच स्टार्टर आहे, काकू,” गाडीखालून मेकॅनिकचा आवाज आला. “कंपनीतून आला तसाच आहे. कुणाचा हातच लागलेला नाही ह्याला.”

मी म्हटलं, नाही हो, दोनदा बदललाय. एकदा गाडी तीन वर्षांची होती तेव्हा, आणि पुन्हा पाचव्या वर्षी. तो पाठीखालच्या पुठ्ठ्यासकट सरपटत बाहेर आला, दोरीला बांधलेला चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. चौतीस वर्षं रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरच्या मागे उभं राहून मी लोकांकडे असंच बघत आले होते. रिपोर्ट आपल्या हातात असतो आणि समोरचा माणूस सांगत असतो की मला तसं काही होत नाही, जरा थकवा येतो इतकंच. अशा वेळी वाद घालायचा नसतो. कागद पुढे सरकवायचा. मेकॅनिकनेही तेच केलं. मला बॉनेटपाशी बोलावलं आणि बॅटरी काढल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेतून खाली बोट दाखवलं. दोन जाड बोल्ट होते. त्यांच्या डोक्यांवर आणि भोवतीच्या लोखंडावर एकच काळा रंग होता, धूळ खाऊन राखाडी पडलेला, पण सलग. “पाना लागला असता तर रंग इथे फुटला असता,” तो म्हणाला. “बाकी तुम्ही म्हणताय तर असेल बदललेला.”

सकाळपासून खरं तर साधीच गोष्ट चालली होती. आठ वाजता ताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. ती उद्या घर सोडून कायमची मुलाकडे राहायला जाणार होती. “आईचं कपाट आज रिकामं करतेय. तुला काही हवं असेल तर येऊन घेऊन जा, नाहीतर देऊन टाकते.” कशी आहेस नाही, जेवायला ये नाही. आई गेल्यापासून सोळा वर्षं ताई माझ्याशी असंच बोलते, तार पाठवल्यासारखं. मी तिला दोष देत नाही. आई गेली तेव्हा मी फक्त दोन तासांच्या अंतरावर होते आणि पोचले ती सगळं संपल्यावर. गाडी बंद पडली होती, असं मी तेव्हा सांगितलं होतं. ते खरं होतं. आज सकाळी दहापर्यंत तरी ते खरं होतं.

साडेआठला मी खाली येऊन गाडीत बसले, किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. पुढचे दिवे मात्र भिंतीवर लख्ख पडलेले. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आमचे हे बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेले, उजव्या डोळ्यावर भोकाभोकांची प्लास्टिकची वाटी, चिकटपट्ट्यांनी गालाला चिकटवलेली. “स्टार्टर गेला असेल,” हे वरून म्हणाले. “राहू दे आज. परवा बघतो मी.” डॉक्टरांनी ह्यांना तीन आठवडे वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तरी परवा बघतो. एरवी मी वर गेले असते. स्टार्टर गेला की मी वर जाते, चहा टाकते, ताईला किंवा ज्या कुणाला असेल त्याला फोन करते. आज गेले नाही, कारण उद्या ताईच तिथे नसणार होती. तळमजल्यावरच्या शिक्षकांनी एका मेकॅनिकचा नंबर दिला. मी त्याला फोनवरच तो टक आवाज ऐकवला. त्याने गाडीचं मॉडेल विचारलं आणि येतानाच स्कूटरच्या पुढ्यात एक स्टार्टर ठेवून घेऊन आला.

तरी आल्या आल्या त्याने तो बसवायला घेतला नाही, हे मला आवडलं. आधी बॅटरी मोजली. ती ठणठणीत होती. मग जाड तारांची टोकं हलवून पाहिली, ब्रशने साफ केली. मला आत बसवून किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः बल्ब जोडलेली एक वायर कुठेतरी टेकवली. बल्ब पेटला. “किल्लीचा दोष नाही,” म्हणाला. मग लांब पान्याच्या दांड्याने त्याने स्टार्टरला दोन टोले दिले, आता फिरवा म्हणाला, आणि गाडी एकदम चालू झाली. मी खूश झाले, तो झाला नाही. “ठोकल्यावर उठतोय म्हणजे आतला कार्बन संपला. आता उठला, तिकडे गेल्यावर नाही उठणार.” गाडी बंद करून त्याने पुन्हा किल्ली फिरवायला लावली. टक. मग बॅटरी काढून तो पुठ्ठा घेऊन खाली शिरला, आणि खालून मला ते पहिल्या स्टार्टरचं सांगितलं.

“आधी दोनदा बंद पडली होती म्हणता,” आता तो बॉनेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून चाचपत होता, “तेव्हा आवाज कसा यायचा? असाच टक, की काहीच नाही?”

मला वाटलं आठवावं लागेल. नाही लागलं. “काहीच नाही. दिवे लागायचे, पण किल्ली फिरवली की मुकी.”

“मग तो स्टार्टर नव्हताच.” तो समजावून सांगू लागला. चांगला माणूस होता, हातातलं काम थांबवून सांगत होता. स्टार्टरच्या पाठीवर एक छोटा डबा असतो. आपण किल्ली फिरवली की एका बारीक वायरीतून त्या डब्याला निरोप जातो. निरोप पोचला की डबा टक करतो आणि मोटर फिरते. टक होऊन मोटर फिरली नाही तर मोटर मेली, आज तसं झालंय. टकच झालं नाही, म्हणजे निरोपच पोचला नाही. “ही बघा ती वायर.” करंगळीपेक्षा बारीक, तिच्या टोकाला पत्र्याची चिमटी. आजूबाजूला सगळं काळं-राखाडी, आणि ती चिमटी तेवढी चकचकीत, आतून घासून गुळगुळीत झालेली. तिच्यावरच्या टोपणाचं अडकवायचं दातरं तुटलेलं. “ही पुष्कळदा काढलीय आणि घातलीय कुणीतरी. वरून हात घातला की मिळते, माहीत असलं तर.” बोलता बोलता त्याने एकदा खिडकीकडे बघितलं, मग घाईने म्हणाला, “पूर्वी लोक चोरीच्या भीतीने काढून ठेवायचे अशी. तुमच्या साहेबांना तशी सवय असेल.”

असेल, मी म्हटलं. किती वेळ लागेल? दीड-दोन तास, तो म्हणाला, खालचा बोल्ट गंजून धरलाय. आणि मग मी त्या बाकावर बसले, जिथे संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात. दीड-दोन तास. सोळा वर्षांपूर्वी आई गेल्याचा फोन दुपारी साडेतीनला आला, आणि चार वाजता गाडी चालू होऊन दारात उभी होती. मित्राच्या गॅरेजमधून आणून ह्यांनी अर्ध्या तासात स्टार्टर बदलला होता. रस्ताभर मी रडत होते आणि रडता रडता ह्यांच्या त्या अर्ध्या तासाबद्दल मनात हात जोडत होते. ताईकडे जमलेल्या माणसांना मी सांगितलंसुद्धा होतं, ह्यांनी नुसता जिवाचा आटापिटा केला म्हणून. ताई त्या वेळी भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली नव्हती. आणि त्याच्याआधी ती मुलाखत. गाडी तीन वर्षांची होती, मी त्रेचाळीसची. दुसऱ्या शहरात नवी रक्तपेढी निघत होती आणि तिथे मुख्य तंत्रज्ञ म्हणून मला नाव घेऊन बोलावलं होतं. जागा मिळाली असती तर आठवड्याचे पाच दिवस तिकडे खोली घेऊन राहावं लागणार होतं. हे म्हणाले, जरूर जा, मी कशाला आडवा येऊ, तुझं तू बघ. सकाळी सात वाजता मी इस्त्रीची साडी नेसून, सर्टिफिकेटांची फाइल मांडीवर घेऊन गाडीत बसले आणि गाडी मुकी. हे ऑफिसला निघाले होते, तर अंगातला शर्ट काढून गाडीच्या आरशाला अडकवला आणि बनियनवर आत वाकले. साडेअकरापर्यंत वाकलेले होते. पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. शेवटी काळे हात घेऊन वर आले, स्टार्टर म्हणाले, आणि खुर्चीत बसून राहिले. तेल आणि साखर घेऊन मी ते हात चोळले. एकेक नख, एकेक पेर. साखर विरघळेपर्यंत चोळायचं, मग कोमट पाणी. हे डोळे मिटून हात माझ्या हातात सोडून बसले होते, आणि मला काय वाटलं ते मला आज खोटं करता येत नाही: लग्नानंतर इतकं प्रेम मला ह्यांच्याबद्दल कधी वाटलं नव्हतं. रक्तपेढीला मी दुसरी तारीख मागितली नाही. गाडी ऐन वेळेला बंद पडावी, म्हणजे नशिबातच नाही, असं लॅबमधल्या बायकांना सांगितलं, आणि नशिबात नसण्यातही एक सुख असतं, ते घेतलं.

अकरा वाजता ह्यांच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ होती. मी वर गेले. हात साबणाने धुतले. हे आधीच पलंगावर आडवे होऊन, छताकडे तोंड करून, वाट बघत होते. दोन औषधं आहेत. पहिला थेंब घातला की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं आणि मग दुसरा. मी प्लास्टिकची वाटी सोडवली, खालची पापणी ओढली, पहिला थेंब टाकला. हे डोळे मिटून पडले. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

“गाडीची ती बारीक वायर,” मी म्हटलं, “चोरीच्या भीतीने काढून ठेवायचात का?”

मेकॅनिकने मला दिलेली पळवाट मी जशीच्या तशी ह्यांच्यापुढे ठेवली. हो म्हणाले असते तर मी मानलं असतं. आत कुठेतरी मी विनवतच होते, हो म्हणा म्हणून.

“चोरी?” हे डोळे मिटूनच हसले. “ते डबडं कोण चोरणार?” मग जरा वेळाने, “त्या माणसाने सांगितलं वाटतं.”

“मुलाखतीच्या दिवशी काढली होती?”

ह्यांनी पोटावरचे हात एकमेकांत गुंफले. “पाच दिवस तिकडे, दोन दिवस इकडे. त्याला काय घर म्हणतात? गेली असतीस तर परत आली नसतीस तू.”

“तुम्ही जा म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो. नको म्हटलं असतं तर तू भांडली असतीस.”

खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. गंजलेला बोल्ट. ह्यांच्या मिटलेल्या पापणीखाली बुबुळ इकडून तिकडे हलताना दिसत होतं. मी विचारलं, “आणि आईच्या वेळी?”

“हे बघ, तुझ्या आईला दर महिन्याला काही ना काही व्हायचं. तू गेलीस की पंधरा-पंधरा दिवस. इकडे मी डबा आणून खायचा. ह्या वेळी खरंच आहे हे मला काय स्वप्न पडणार होतं?” आवाज चढला नव्हता. ह्यांना मनापासून अन्याय झाल्यासारखं वाटत होतं. “संध्याकाळी लावणारच होतो मी वायर.”

“एकूण किती वेळा काढलीत?”

“आता ते कोण मोजत बसलंय? आणि बिघडलं काय आपलं? सुखाने नाही का झालं सगळं?” मग म्हणाले, “पाच मिनिटं झाली का बघ. दुसरा थेंब राहील.”

झाली होती पाच मिनिटं. मी दुसरी बाटली उघडली. ह्यांनी डोळा उघडला आणि मान मागे टाकली. तो डोळा लालसर, ओला, नव्या भिंगाने चकाकणारा, माझ्या अंगठ्याखाली सताड उघडा होता, आणि बाटलीचं टोक त्याच्यापासून बोटभर अंतरावर. मी मुद्दाम थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. ह्यांनी पापणीसुद्धा लववली नाही. ह्या बाईला आत्ता आपण जे सांगितलं त्यानंतर हिच्या हातात डोळा द्यावा की नाही, असा विचार ह्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. ह्यांना माझी भीती वाटत नव्हती. छत्तीस वर्षांत कधीच वाटली नव्हती, आणि तसं वाटण्यासारखं मी काही केलंही नव्हतं. मी थेंब घातला, कापसाने गाल टिपला, वाटी परत चिकटवली. जेवण झाकून ठेवलंय, मी म्हटलं. “गाडी झाली की जाणार आहेस?” ह्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “पुढच्या थेंबाच्या आत ये,” हे म्हणाले.

खाली मेकॅनिकचं काम साडेबाराला संपलं. जुना स्टार्टर त्याने वर्तमानपत्रावर उघडून ठेवला होता. आतले कार्बनचे तुकडे झिजून पार बुडाला लागले होते, काळी पूड पडत होती. आयुष्यात एकदाच गाडीने खरं दुखणं काढलं होतं. नव्या स्टार्टरवर तिने पहिल्या किल्लीलाच आवाज धरला. त्या बारीक वायरीला त्याने नवी चिमटी बसवली होती, न विचारता. मी निघाले तेव्हा वर बघितलं नाही.

रस्त्यात मी मनातल्या मनात ह्यांना अरेतुरे करून पाहिलं. त्याने वायर काढली. त्याने मला फसवलं. जमेना. वाक्य अर्धं झालं की ‘ह्यांनी’च यायचं, छत्तीस वर्षांचं वळण जिभेला. मग तो नाद सोडला. आणि हळूहळू, शहर मागे पडून रस्ता मोकळा झाला तसं, मला हलकं वाटायला लागलं. लाज वाटावी इतकं हलकं. कारण आता माझ्याजवळ ताईला सांगण्यासारखं काहीतरी होतं. सोळा वर्षं मी तिच्यापुढे मान खाली घालून उभी होते. गाडी बंद पडली, हे कारण कारणासारखं वाटत नव्हतं, मलासुद्धा. आता तसं नव्हतं. आता एक माणूस होता, त्याचा हात होता, त्या हाताने काढलेली वायर होती. मी निर्दोष होते आणि पुरावा ताजा होता. पुढच्या ट्रकला मी गाणं म्हणत मागे टाकलं असतं, इतकी वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती. ताई आधी चिडेल, मग रडेल, मग मला जवळ घेईल, इथपर्यंत मी पोचले होते.

ताईच्या घरात सगळीकडे खोकी होती. आईचं कपाट उघडं होतं आणि ताई पलंगावर बसून चादरींच्या घड्या घालत होती. केस पांढरे झाले होते, मागच्या वेळी इतके नव्हते. “ते बाजूला काढलंय बघ तुझं,” ती म्हणाली. माझं म्हणजे शाळेतली दोन प्रशस्तिपत्रं आणि एक विणलेला स्वेटर. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. मुलाखतीपासून सांगितलं, वायरीचं सांगितलं, चकचकीत चिमटीचं, हे डोळे मिटून काय म्हणाले ते शब्दन् शब्द. ताई ऐकत होती. घड्या घालायची थांबली होती, पण चिडली नाही.

“म्हणजे गाडीला काही झालंच नव्हतं,” ती शेवटी म्हणाली.

“नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं, ताई.”

ताईने मांडीवरची चादर उगाच सारखी केली. “त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला, गाडी चालू होत नाही म्हणून. मी आईला सांगितलं. तर ती म्हणाली, गाडी नसली तर बसने येईल ती. तिच्याजवळ बॅग असेल, तू स्टँडवर जा. मी म्हटलं, तुला सोडून कशी जाऊ. तर म्हणे, जा गं, शेजारी माणसं आहेत, मी काय पळून जातेय. तिला तेवढं एकच लागून राहिलं होतं, तुला बॅग उचलावी लागू नये.” ताई खिडकीकडे बघत बोलत होती. “साडेबाराची बस आली. सगळी माणसं उतरेपर्यंत मी थांबले. तू नव्हतीस. मग म्हटलं दीडची असेल. दीडच्यात नव्हतीस. आता परत जाऊन परत यायचं, त्यापेक्षा अडीचची बघूनच जाऊ म्हटलं. घरी आले तर शेजारच्या बाई दारात उभ्या. आई एकटीच गेली. मी पण नव्हते.”

घरात कुठेतरी नळ गळत होता. मी म्हटलं, “तू कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं? तुझी वाट बघत होते म्हणून आईजवळ नव्हते, असं?” तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “मला वाटायचं, तुझं काहीतरी तसंच मोठं कारण असेल. गाडीचं उगाच पुढे केलं असेल तू. कधीतरी सांगशील, असं वाटायचं. आणि तू आज सांगतेस ते हे. त्याने गाडीची वायर काढली होती गं. तुझे पाय तर जागेवर होते.”

बस माझ्या मनातच आली नव्हती, असं मला म्हणायचं होतं. पण ते खरं नव्हतं. आली होती. साडेदहाच्या सुमाराला आली होती, आणि बाराला पुन्हा. पण हे इतके घामाघूम होऊन वाकलेले, माझ्यासाठी, आणि ह्यांच्या पाठीमागून मी बॅग उचलून चालायला लागायचं? ते किती वाईट दिसलं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

“दीड वाजता तू काय करत होतीस?” ताईने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“बॉनेटपाशी उभी होते.”

“नुसती?”

“टॉर्च धरून,” मी म्हटलं. “आत अंधार असतो. ह्यांना नीट दिसावं म्हणून. हात भरून आला की ह्या हातातून त्या हातात घेत होते.”